सतरा तारखेची खिडकी

नोल्डी श्टुकीने बर्नच्या ट्रामचे रूळ एकतीस वर्षे जोडले. सांधा ओतून झाला, घासून झाला, की तो गुडघ्यांवर बसायचा, मीटरभर लांबीची पोलादी पट्टी रुळावर लांबीने टेकवायचा आणि गाल जमिनीला टेकवून पट्टीखालून उजेड येतो का ते बघायचा. उजेड आला तर पुन्हा घासायचा. मुकादम म्हणायचा, ट्राममध्ये बसलेल्याला यातले काय कळते. नोल्डी घासत राहायचा.

त्याने सांधा सोडला की माझे काम सुरू व्हायचे. रुळाच्या कडेचे उखडलेले दगड पुन्हा बसवायचे, ठोकून पातळीत आणायचे. रूळ सरळ असेल तर दगड निमूट बसतात, नसेल तर दिवसभर भांडतात. नोल्डीच्या मागे काम करताना माझे दगड कधी भांडले नाहीत. आमची मैत्री म्हणायची तर ती एवढ्यावर उभी होती. त्यात बोलणे फारसे नव्हते.

दोघेही लोरेन वस्तीत राहणारे. तो गृहसंस्थेच्या जुन्या चार मजली इमारतीत, तळमजल्यावर. स्वयंपाकघराची खिडकी थेट रस्त्यावर. घरातले बोलण्याचे खाते त्याच्या बायकोकडे होते. एल्सबेट खिडकीत हात टेकून उभी राहायची आणि जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाला दोन मिनिटे अडवायची. कोणाच्या मुलीला कुठे नोकरी लागली, कोणाच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले, सगळे तिला ठाऊक. नोल्डी आत टेबलाशी बसून ऐकायचा. ऐकत असावा, असे मला वाटते.

ज्या हिवाळ्याची ही गोष्ट, तेव्हा ती जाऊन तीन वर्षे होत आली होती. गेल्यानंतरच्या आठवड्यात नोल्डीने त्या खिडकीच्या बाहेरच्या लाकडी झडपा लावून घेतल्या, त्या पुन्हा उघडल्या नाहीत. विचारले तर म्हणाला, वारा येतो. जुलैतही वारा येत होता. दर शुक्रवारी दुपारी मी जायचो, आम्ही दिव्याच्या उजेडात पत्त्यांचे, म्हणजे यासचे, डाव टाकायचो, पाच वाजता मी उठायचो. माझ्याशिवाय त्या घरात कोणी येत नव्हते.

त्या ऑक्टोबरात पत्ते पिसता पिसता तो म्हणाला की त्याच्या बहिणीचे, व्रेनीचे, पत्र आले आहे. व्रेनी वर डोंगरात, झानेनच्या खोऱ्यात, त्यांच्या मूळ गावी राहते. तिथल्या वृद्धाश्रमात वसंतात एक खोली रिकामी होणार होती. जायचे असेल तर इथले घर सोडत असल्याची नोटीस डिसेंबरअखेर गृहसंस्थेकडे पोचायला हवी. फॉर्म त्याने आणून ठेवला होता, चमच्यांच्या खणात. फक्त सही राहिली होती.

"इथं मी नसलो तर कोणाचं काय अडतंय, रुएडी?" तो म्हणाला. "जिना झाडायला दुसरा मिळेल."

मी हातातले पान टाकले. माझे अडले असते, हे तेव्हाच सांगायला हवे होते. सांगितले नाही. दगडाच्या बाबतीत मी इतका आळशी कधी नव्हतो.

आमच्या इमारतींमध्ये जिन्याखाली एक फळा असतो आणि फळ्यावर याद्या असतात. कपडे धुण्याच्या मशीनची पाळी कोणाची, तळघराचा दिवा कोण तपासणार, बर्फ पडल्यावर फुटपाथ कोण साफ करणार. यादी लागली की सही करायची. सही केली की विषय संपला. नोल्डीने इतकी वर्षे बर्फाच्या यादीत सतरा तारीख घेतली होती. ऑक्टोबरच्या अखेरीस एकदा पाव आणायला निघताना त्याने फळ्यावर नवी यादी पाहिली. वाचायचा चष्मा आत राहिला होता. एक ते चोवीस आकडे, पुढे रिकाम्या ओळी. सतरासमोर त्याने नाव लिहिले. कडेला एक बारीक अक्षरातला रकाना होता. बर्फाच्या यादीत तिथे 'फावडे स्वतःचे' असे असते, आणि नोल्डीचे फावडे स्वतःचे होते. त्याने खूण केली.

ती यादी बर्फाची नव्हती. ती डिसेंबरच्या खिडक्यांची होती. आमच्या वस्तीत नाताळच्या आधी चोवीस घरे एकेक तारीख घेतात. आपल्या तारखेला संध्याकाळी सहा वाजता आपली खिडकी सजवून उजळायची, तोवर ती कोणाच्या नजरेस पडू द्यायची नाही, आणि मग सहा जानेवारीपर्यंत रोज संध्याकाळी तिथे दिवा लावायचा. वस्ती रोज नव्या खिडकीसमोर जमते. कडेचा रकाना होता 'गरम पाहुणचारासह' असा.

हे त्याला बेकरीत कळले. नोव्हेंबरच्या शेवटी भिंतीवर छापील कागद लागला आणि बेकरीवाली व्हुयमिनबाई त्याला पाव देताना म्हणाली, सतराला मी नक्की येणार हं. नोल्डीने चष्मा लावून कागद वाचला. परत वाचला. मग पाव काखेत मारून सरळ माझ्या घरी आला. सकाळचे आठ वाजले होते. इतक्या वर्षांत तो माझ्याकडे सकाळी कधीच आला नव्हता, मला वाटले कोणी गेले.

मी म्हणालो, चूक झाली म्हणून सांगून टाक. त्यात काय एवढे.

"सही माझी आहे," तो म्हणाला.

तरीही मी आग्रह केला म्हणून तो मार्टीबाईंकडे गेला. खिडक्यांचा सगळा कारभार त्यांच्याकडे. बालवाडीच्या निवृत्त बाई. अर्ध्या वस्तीला त्यांनी बुटांच्या नाड्या बांधायला शिकवले आहे. दुसऱ्या कोणाला ती तारीख देता येईल का, एवढेच नोल्डीला विचारायचे होते. बाईंनी दार उघडले, त्याचे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाल्या, तुमचं नाव बघितलं आणि मी त्या दिवशी जिन्यातच बसले, श्रीयुत श्टुकी, इतकं बरं वाटलं. नोल्डी आभार मानून परत आला. आभार कशाचे, ते त्यालाही सांगता आले नाही.

पुढच्या शुक्रवारी मी गेलो तर टेबलावर पत्ते नव्हते. जुनी वर्तमानपत्रे पसरली होती, त्यावर काळ्या कागदाचे ताव, आणि नोल्डीच्या हातात कात्री. अंगठ्याएवढी, टोकदार, भोकात त्याची जाड बोटे जेमतेम शिरलेली. मी दारातच उभा राहिलो.

झानेनच्या खोऱ्यात हिवाळ्यात कागद कापतात, हे मला माहीत होते. गायी, पाइनची झाडे, डोंगरावर निघालेली रांग. दुकानांत चौकटीत लावून ठेवलेले असते. पण नोल्डीने कापलेला कागद मी पाहिला नव्हता. त्याची आई कापायची, त्याने सांगितले. घरात मुले सहा, कात्री एक, ज्याला धीर असेल त्याच्या हातात ती राहायची. सातव्या वर्षापासून बर्न गाठेपर्यंत दर हिवाळ्यात ती त्याच्याकडे होती. रुळांच्या टोळीत त्याने हे कोणाला सांगितले नव्हते. सांगितले असते तर मेला असता, हे मलाही कबूल आहे. आम्हीच मारला असता.

कसे कापतात ते मी तेव्हा पाहिले. कात्री फिरवायची नाही, कागद फिरवायचा. कात्रीचा हात मांडीला टेकून स्थिर, पाती जवळजवळ मिटलेली, आणि डाव्या हाताने कागद तिच्या तोंडात भरवत जायचा. घाई केली की फांदी तुटते. तुटलेली फांदी चिकटवायची नाही, ताव टाकून द्यायचा. पहिला ताव त्याने सहाव्या दिवशी टाकला, एका कुंपणाची काठी जाड आली म्हणून. मला ती दिसली नाही. दुसरा ताव शिंकेने गेला. तिसरा पूर्ण झाला सोळा तारखेला सकाळी. ऐंशी सेंटिमीटर लांब, पन्नास उंच.

मी तो दिव्यासमोर धरून पाहिला. आमचा रस्ता होता. मधे रेल्वेचा पूल, दोन बाजूंना घरे, बेकरी, पायऱ्या, सायकली. खाली रूळ. रुळावर एक माणूस गाल जमिनीला टेकून ओणवा झालेला. त्याच्यामागे टोपीवाला एक, हातोडा घेऊन. आणि तळमजल्याच्या खिडकीत हात टेकून उभी एक बाई, मान जरा पुढे, तोंड उघडे.

मी कागद जपून खाली ठेवला. त्याने विचारले, "तुझं नाक बरोबर आलंय का?"

"मोठं आलंय," मी म्हणालो.

"मोजून कापलंय," तो म्हणाला.

आता राहिला पाहुणचार. बहुतेक लोक चहा देतात, गरम वाइन देतात, विकतची बिस्किटे ठेवतात. नोल्डीने वाटाण्याचे सूप ठरवले, धुरी दिलेले डुकराचे मांस घालून, टोळीत हिवाळ्यात मिळायचे तसे. पंचवीस लिटरचे पातेले त्याने नेमबाजांच्या क्लबातून आणले. मार्टीबाईंनी कागदी पेले देऊ केले ते त्याने परत पाठवले, कागदातून सूप प्यायचे नसते म्हणून. मग वाडगे कुठून आणायचे. वरच्या मजल्यावर शांतिनी राहते, इस्पितळाच्या स्वयंपाकघरात नोकरी करते, श्रीलंकेतल्या जाफन्याकडची. तिने चारही मजल्यांवर दारे ठोठावून बेचाळीस वाडगे जमवले. सहा वर्षे ती त्याच्या डोक्यावर राहत होती आणि तोवर त्यांचे बोलणे 'नमस्कार'च्या पुढे गेले नव्हते.

सतरा तारखेला मी दोन वाजता पोचलो. बाहेर उणे सहा होते. खिडकीचे काम त्याने सकाळीच करून ठेवले होते. आमच्या जुन्या घरांना खिडक्या दुहेरी असतात: आत उघडणारी आतली दारे, आणि थंडीसाठी बाहेरच्या बाजूला उघडणारी दुसरी काचेची दारे. कागद त्याने मधोमध कापून आतल्या काचेवर लावला होता, एका दारावर अर्धा, दुसऱ्यावर अर्धा, मधली चीर बरोबर पुलाच्या खांबातून गेलेली. बाहेर झडपा बंद. मागे टेबलावर दिवा. सगळे मापात होते.

वाटाणे आदल्या दिवशीपासून भिजत होते. पातेले चुलीवर चढले ते चार तास उतरले नाही. मी ढवळत होतो, तो कांदे चिरत होता. स्वयंपाकघर लहान, दार लावलेले, कारण नाहीतर जिन्याभर वास जातो आणि वास जिन्यात सोडायचा नाही असा नियम आहे. साडेतीन-चारच्या सुमाराला शांतिनी वाडगे घेऊन आली. आत पाऊल टाकताच तिने भिंतीवर हात फिरवला आणि ओला तळवा आम्हाला दाखवला.

"श्रीयुत श्टुकी, पाच मिनिटं खिडकी उघडा," ती म्हणाली. "भिंतीला पाणी सुटलंय."

नोल्डीने मान हलवली. सहाच्या आत झडपा उघडायच्या नाहीत. शिवाय आतली दारे हलवली तर चीर जुळवलेली बिघडेल. तिने माझ्याकडे पाहिले. मीही मान हलवली. नियम म्हणजे नियम. दोन म्हातारे, मिळून सत्तर वर्षांचा बांधकामाचा अनुभव असलेले, आणि बंद खोलीत चार तास पाणी उकळले की वाफ कुठे जाते एवढे आमच्या डोक्यात आले नाही. ती रोज पंचवीस लिटरच्या पातेल्यांशीच काम करते, तिला कळले होते. ती वाडगे ठेवून गेली.

पावणेसहाला रस्त्यावर माणसे जमायला लागली. सहाला पन्नासेक असतील. एल्सबेटसाठी आलेलेही असणार, इतकी गर्दी सोळा तारखेच्या खिडकीला नव्हती. झडपा बाहेरून उघडायच्या म्हणून मी रस्त्यावर होतो. नोल्डी आत, रविवारचा कोट घालून. चर्चची घंटा सहा वेळा वाजली. आत दिवा लागला, फटींतून दिसला. मी एक झडप ओढली, मग दुसरी.

काच पांढरी होती. सबंध. वाफ आतल्या दारांच्या फटींतून मधल्या पोकळीत शिरून बाहेरच्या गार काचेवर बसली होती. मागे दिवा असल्यामुळे खिडकी छान उजळली होती, पण दुधाने भरलेल्या ताटासारखी. कागदाचा एक कोपराही दिसत नव्हता.

बर्नची माणसे लगेच हसत नाहीत. आधी विचार करतात. कोणीतरी मागून शांतपणे म्हणाले, "धुकं सजवलेलं दिसतंय," आणि मग थोडे हसू फुटले, वाईट नव्हे, पण फुटले. मार्टीबाईंनी घाईघाईने गाणे सुरू केले आणि सगळ्यांना त्यात ओढले.

मी आत पळालो. पळणे माझ्या गुडघ्यांना आता शोभत नाही. नोल्डी खिडकीशी होता. त्याने ते हसू ऐकले होते. बाहीने तो कागदाच्या कडेची काच पुसत होता आणि ती काच कोरडीच होती.

"बाहेरच्या काचेवर आहे," मी म्हणालो.

त्याचा हात थांबला. आतली दारे उघडल्याशिवाय तिथे हात पोचणार नव्हता, आणि उघडली तर कागद दारांबरोबर आत वळणार; पुसून पुन्हा मिटली तरी खोलीतली वाफ लगेच काचेवर बसणार. त्याने ते मनात दोनदा करून पाहिले असावे. मग तो मागे सरकला. त्याची नजर चमच्यांच्या खणाकडे गेली, ती मी पाहिली. त्या खणात काय आहे ते मला माहीत होते.

"दिवा बंद कर," तो म्हणाला. "सांग त्यांना, जमलं नाही म्हणून. घरी जा म्हणावं."

बाहेर गाण्याचे दुसरे कडवे चालू होते. ते गाणे तीन कडव्यांचे आहे.

"मी नाही सांगणार," मी म्हणालो. "सही तुझी आहे, तू सांग."

मला वाटले, आता तो खण उघडेल आणि माझ्यासमोरच फॉर्मवर सही करेल. त्याने कोटाची बटणे काढली, कोट खुर्चीवर टाकला आणि आतली दारे दोन्ही हातांनी ओढली. कागद दोन भाग होऊन दारांबरोबर आत वळला, पूल मधून फाकला. मग त्याने बाहेरच्या काचा ढकलल्या. थंडीमुळे त्या चिकटल्या होत्या, खांदा लावावा लागला.

चार तासांची वाफ एकदम रस्त्यावर गेली. पुढच्या रांगेतली माणसे काही क्षण दिसेनाशी झाली. वाटाण्याचा आणि धुराचा वास फुटपाथभर पसरला. गाणे तिसऱ्या कडव्यात मोडले. वाफ विरली तेव्हा खिडकीत बाह्या वर केलेला नोल्डी उभा होता, हातात ओगराळे, ते कधी उचलले त्यालाच माहीत.

तो बोलला. एकदम इतकी वाक्ये मी त्याच्या तोंडून ऐकली नव्हती.

"झडपा बंद ठेवून सूप शिजवलं. चूक माझी आहे. मला सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. कागदाचं कापलेलं काम आत वळलंय, तिथून दिसणार नाही. सूप गरम आहे. रांग लावा."

रांग लागली. रांग लावायला आम्हाला दोनदा सांगावे लागत नाही. मी वाडगे भरायला धरत होतो, तो वाढत होता. खिडकी छातीएवढ्या उंचीवर आहे. वाडगा घ्यायला माणसाला पुढे यावे लागते, हात आत घालावा लागतो, आणि हात आत घातला की मान आपोआप बाजूला वळते. बाजूला, उघड्या दारावर, कागद होता. दिव्याच्या उजेडात, हातभर अंतरावर. एका वेळी एकालाच दिसणार असा.

पहिली शांतिनी होती. ती वाडगा घेऊन तशीच वाकून राहिली आणि म्हणाली, हा आपला जिना ना, आणि ही माझी सायकल, वाकड्या टोपलीची. नोल्डी म्हणाला, टोपली नीट करून घ्या, ट्रामखाली जाईल. तिने विचारले, उणे सहा आहे, आता खिडकी उघडी चालेल का? तो म्हणाला, चालेल, आणि तिला मांसाचा मोठा तुकडा शोधून दिला.

मग व्हुयमिनबाई आली. तिने कागदावर बोट न टेकवता मोजणी केली. "माझ्या बेकरीला दोन पायऱ्या आहेत. तुम्ही तीन कापल्यात."

"तीन होत्या," नोल्डी म्हणाला. "रस्ता उचलला तेव्हा खालची गाडली गेली. अजून आहे तिथं. दगड यानं बसवलेत, विचारा."

मी होय म्हणालो. मागे सहा जणांपर्यंत ही बातमी गेली आणि दोघे जण वाडगा घेऊन बेकरीकडे पायरी बघायला निघाले. गाडलेली पायरी ते कशी बघणार होते, मला कळले नाही.

असे चालले. प्रत्येक जण काहीतरी ओळखायचा, काहीतरी विचारायचा, आणि नोल्डीला उत्तर द्यावे लागायचे. कारण ओगराळे त्याच्याच हातात होते, पळून जायला जागा नव्हती. रांग पुढे सरकेना. तो वैतागला, मागच्यांचं सूप निवतंय, बघून झालं असेल तर सरका, म्हणू लागला. लोक सरकायचे आणि रांगेच्या शेवटी पुन्हा उभे राहायचे.

मार्टीबाई सगळ्यांत शेवटी आल्या. त्यांनी सूप घेतले, मान वळवली आणि तळमजल्याच्या खिडकीतली बाई त्यांना दिसली. त्या बराच वेळ बघत होत्या. नाव त्यांनी घेतले नाही.

"ही कोणाशी बोलतेय?" त्यांनी विचारले.

नोल्डीने पातेल्याचा तळ खरवडला. "तुमच्याशी," तो म्हणाला. "दुसरं कोण अर्धा अर्धा तास ऐकून घ्यायचं."

बाईंनी मान खाली घालून सूप प्यायले, तिथेच, उभ्याने. मग वाडगा परत न देता गेल्या. विसरल्या असाव्यात.

साडेसातला पातेले रिकामे झाले. आमच्या दोघांसाठी काही उरले नव्हते. स्वयंपाकघर बाहेरइतकेच गार झाले होते. आम्ही पाव आणि चीज खाल्ले, कोट घालून.

वाडगे मोजले तर बेचाळीसपैकी तेवीसच उरले होते. बाकीचे लोक घरी घेऊन गेले होते, उष्टे परत द्यायचे नाही म्हणून. पुढच्या आठवड्यात ते एकेक करून आले. आमच्याकडे कोणाचे भांडे रिकामे परत करत नाहीत. एकात दालचिनीची बिस्किटे, एकात तीन पेअर, एकात घरी केलेले चीज. शांतिनीने डाळीचे वडे दिले, ते नोल्डीला तिखट लागले आणि त्याने सगळे खाल्ले. प्रत्येक वाडग्यामागे घंटा वाजायची, दार उघडावे लागायचे, माणूस उंबऱ्यात उभा राहायचा आणि आत या म्हणावे लागायचे. शुक्रवारी आमचा डाव चार वेळा मोडला.

"दर अर्ध्या तासाला घंटा," तो म्हणाला. "माणसानं करायचं काय."

मी म्हणालो, उघडायची दारं.

खिडकीत रोज संध्याकाळी दिवा लावणे भाग होते, म्हणून झडपा उघड्या राहिल्या. सकाळी सात आणि संध्याकाळी पाच वाजता तो आतली-बाहेरची सगळी दारे पाच मिनिटे सताड उघडी ठेवू लागला, घड्याळ लावून. काच पुन्हा कधी धुरकटली नाही. लोक येऊन नीट बघून गेले. कोणी म्हणाले, त्या दिवशीच जास्त मजा आली होती. ते त्याला आवडले नाही.

एकतीस डिसेंबरला शुक्रवार नव्हता, तरी मी गेलो. गृहसंस्थेचे कार्यालय त्या दिवशी बारापर्यंतच उघडे असते. मी साडेदहाला पोचलो. नोल्डी वाडगे कोणत्या मजल्याचा कोणता असे लावत बसला होता. मी कोट न काढता विचारले, फॉर्म दिलास का.

त्याने एक वाडगा उलटा करून बघितला, दुसऱ्या ढिगावर ठेवला.

"सहा तारखेपर्यंत खिडकी लावायची आहे," तो म्हणाला. "नोटीस देऊन घर आवरायला घ्यायचं आणि खिडकीत दिवा पण लावायचा, असं अर्धवट काम होत नाही. व्रेनीला कळवलं, ज्याला घाई आहे त्याला खोली द्या."

"आणि सहा तारखेनंतर?"

"नंतर मुदत संपलेली असणार," तो म्हणाला. "तुला कॅलेंडर वाचता येत नाही का?"

मी कोट काढला. आम्ही बारा वाजेपर्यंत वाडगे लावले. माझे अडले असते, हे मी तेव्हा त्याला सांगितले. तो म्हणाला, माहीत आहे, तुझ्याकडून यासमध्ये हरत बसायला दुसरं कोण मिळणार.

सात जानेवारीला सकाळी मी बेकरीतून येताना त्याच्या घरावरून गेलो. कागद काढलेला होता. झडपा भिंतीला टेकून उघड्या होत्या, मागे त्यांना हुक लावलेले. नोल्डी खिडकीत होता, पात्याने काचेवरचा डिंक खरवडत होता. कागद कुठे ठेवला, मी विचारले. म्हणाला, मार्टीबाईंनी मागून नेला, चौकट करून घेणार आहेत, चौकटवाला वाकडी करून ठेवेल, बरोबर जायला हवे.

मग त्याने पाते खाली ठेवले आणि खिडकीवर कोपरे टेकली. व्हुयमिनबाईच्या नवऱ्याच्या खांद्याचे ऑपरेशन ठरले आहे, हे मला ठाऊक आहे का, असे त्याने विचारले. मला ठाऊक नव्हते. मी फुटपाथवर उभा राहून ऐकले. दहा मिनिटे गेली, माझा पाव गार झाला.